तिशीतच इच्छापत्र करावं का? नॉमिनी नेमलेत, तेवढं पुरत नाही का?

गवती_चहा
तिशी-पस्तिशीतल्या मंडळींशी इच्छापत्राचा विषय काढला की दोनच उत्तरं येतात. एक, "आत्ता कशाला, आहे काय माझ्याकडे?" आणि दुसरं, "सगळीकडे नॉमिनी टाकलाय." माझं मत असं की इच्छापत्राची खरी निकड साठीपेक्षा तिशीत जास्त असते, कारण तिशीत मूल लहान असतं आणि डोक्यावर कर्ज असतं.

एक हिशेब मांडते. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेला ३३ वर्षांचा नोकरदार, फ्लॅट एकट्याच्या नावावर, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. गावी आई-वडील. इच्छापत्र नाही. उद्या तो गेला तर फ्लॅट कोणाचा? जाणकारांनी सांगावं. नॉमिनी बायको आहे असं धरा.

खडूस_काका
फ्लॅट बँकेचा. पुढे?

सातबारा
काकांचा विनोद बाजूला ठेवू, कर्ज तर फेडायचंच आहे. उत्तर असं: १९५६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वर्ग १ चे वारस सगळे एकदम घेतात. बायको, मुलगी आणि आई, प्रत्येकी १/३. वडील वर्ग २ मध्ये, त्यांना थेट काही नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं. घरात आईचा हिस्सा निघतो आणि वडिलांचा निघत नाही.

आता पुढची पायरी. काही वर्षांनी आई गेली, तिचंही इच्छापत्र नाही. तिचा १/३ जातो तिचा नवरा, तिची मुलं आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं यांच्यात. समजा आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी १/१२. विधवा सून या यादीत नाही, नात आहे. फ्लॅटचा नवा हिशेब: बायको ४/१२, मुलगी ५/१२, सासरे १/१२, दीर १/१२, नणंद १/१२. एका टू बीएचकेला पाच मालक.

पेन्सिल_२बी
पण नॉमिनी बायको आहे ना? सोसायटीच्या दप्तरात तिचं नाव लागेल, झालं.

सातबारा
नाव लागेल, मालकी लागणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५४ब-१३ आलं. त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचं आणि वारस ठरले की त्यांना सभासदत्व द्यायचं असं स्पष्ट आहे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ लाच सरबती देवी खटल्यात सांगितलं होतं की नॉमिनी म्हणजे पैसे उचलून आणणारा हात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल शंका होती, ती डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात मिटली. तिथेही नॉमिनी हा वारसांच्या वतीने विश्वस्तच.

पेन्सिल_२बी
बरं, मालकी तिघींची असू दे. तिघी राजी असतील तर विकता येईल की.

शेवंती
इथेच घोडं अडतं. तिघींपैकी एक चार वर्षांची आहे. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६, कलम ८: नैसर्गिक पालकाला, म्हणजे इथे आईला, अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. कर्जाचा हप्ता झेपत नाही, फ्लॅट विकून लहान घर घ्यावं म्हटलं, तर आधी जिल्हा न्यायालयात अर्ज. हा व्यवहार मुलीच्या हिताचाच आहे हे पटवायचं, तिच्या वाट्याचे पैसे तिच्या नावे ठेव म्हणून गुंतवायचे. ग्राहक तोवर थांबत नाही.

परवानगी न घेता विकला तर? मुलगी १८ वर्षांची झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकते. म्हणून खरेदीदाराची बँक अशा फ्लॅटवर कर्ज द्यायला का-कू करते.

साठीच्या माणसाची मुलं तिशीची असतात, त्यांना सही करता येते. म्हणून गवती_चहा म्हणतात ते बरोबर आहे.

चिंचगूळ
म्हणजे इच्छापत्रात सगळं बायकोला लिहायचं आणि आईला ठेंगा? वा.

शेवंती
ठेंगा कशाला? आईसाठी वेगळं काही नेमून ठेवावं. एखादी छोटी विमा पॉलिसी, पीपीएफ, किंवा फ्लॅट बायकोचा पण आईला हयातभर राहण्याचा हक्क, असं कलम घालता येतं. आणि नाही लिहिलं तरी हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार इस्टेट ज्याच्या हाती जाते त्याच्यावर मृताच्या म्हाताऱ्या, अवलंबून असलेल्या आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी येते. मुद्दा एवढाच की कोणाला किती हे तुम्ही ठरवा, उत्तराधिकार कायद्याला ठरवू देऊ नका.

आळूवडी_स्पेशल
सगळे नवऱ्याच्याच मरणाचं बोलतायत. कमावत्या बायकांचं काय? हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ वाचा आणि पाणी प्या. विवाहित हिंदू स्त्री इच्छापत्र न करता गेली तर पहिले वारस मुलं आणि नवरा. हे दोन्ही नसतील तर तिची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आई-वडील त्यानंतर. माहेरून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं, तेही मूल नसेल तरच.

२००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटला बघा. नारायणी देवी लग्नानंतर थोड्याच काळात विधवा झाल्या, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली. गेल्यावर बँकेतले पैसे आणि भविष्य निर्वाह निधी सासरच्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सहानुभूती वेगळी, कायदा वेगळा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, इच्छापत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं ते याच कलमाच्या संदर्भात.

खडूस_काका
म्हणजे एसआयपी बायकोची आणि भरभराट नणंदेची.

पेन्सिल_२बी
काका :))
पण आळूवडी, नवरा-बायको दोघं एकाच अपघातात गेले तर?

आळूवडी_स्पेशल
हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१. कोण आधी गेलं हे ठरवता येत नसेल तर वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं धरतात. आपल्याकडे बहुधा बायको लहान. म्हणजे नवऱ्याचा जो भाग तिला मिळायचा तो क्षणभर तिचा होतो आणि मग तिच्या वारसांच्या रांगेत जातो. मूल नसेल तर ती रांग पुन्हा सासरीच. तिच्या पगारातल्या बचतीसकट. तिचे आई-वडील बघत बसतात.

म्हणून इच्छापत्रात "माझ्याआधी किंवा माझ्यानंतर ३० दिवसांच्या आत निधन झाल्यास" असं पर्यायी नाव हवंच.

कोपरखैरणे_लोकल
नोकरदारांसाठी भर घालतो. एकाच कंपनीत चार ठिकाणी नामनिर्देशन असतं: भविष्य निर्वाह निधी, त्यातली पेन्शन योजना, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा गट विमा. एक भरलं की बाकीची आपोआप भरत नाहीत.

लोक चुकतात ते लग्नानंतर. पीएफ योजनेत नियम आहे की लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्न होताच बाद. अविवाहित असताना आईचं नाव टाकलं, लग्न झालं, पुन्हा भरलंच नाही, तर दप्तरी नॉमिनी शून्य. लग्नाचे पेढे एचआरला देतात, फॉर्म देत नाहीत.

पीएफचं काम यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) पोर्टलवर घरबसल्या होतं. कुटुंबातल्या प्रत्येकाचा आधार क्रमांक आणि फोटो अपलोड, टक्केवारी, मग आधारवर ओटीपीने ई-साइन. ही शेवटची पायरी राहिली की अर्ज अर्धवट पडून राहतो आणि भरणाऱ्याला वाटतं झालं.

आणि हे विसरू नका: पीएफला जोडलेला ईडीएलआय विमा कमाल ७ लाखांचा असतो. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षं सेवा लागते, मृत्यू झाला तर ती अट नाही. घरच्यांना ठाऊक नसेल तर कोणी मागतच नाही.

चिंचगूळ
बँकेत आता चार नॉमिनी चालतात ना?

कोपरखैरणे_लोकल
हो, १ नोव्हेंबर २०२५ पासून. ठेवींना एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक, दोन्ही चालतं. लॉकरला फक्त एकामागून एक. डीमॅट आणि म्युच्युअल फंडाला दहापर्यंत. पण वरचं सरबती देवी प्रकरण लक्षात ठेवा. दहा नॉमिनी म्हणजे दहा विश्वस्त. इच्छापत्र आणि नॉमिनी यांत शक्यतो एकच नाव ठेवा, म्हणजे भांडायला कोणाला जागाच राहत नाही.

सातबारा
विम्यात एक अपवाद आहे, तो सांगायला हवा. २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये त्यांना लाभार्थी मानलंय.

त्याहून पक्कं काम म्हणजे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा (एमडब्ल्यूपी). विवाहित पुरुषाने टर्म पॉलिसी घेतानाच एमडब्ल्यूपीचा जोडफॉर्म भरला की ती रक्कम बायको-मुलांसाठी न्यास होते. सावकार, बँक, इतर वारस कोणी हात लावू शकत नाही. धंदा करणाऱ्यांनी तर हे करावंच. अट एकच, पॉलिसी घेतानाच करायचं, नंतर जोडता येत नाही. आणि एकदा केलं की लाभार्थी बदलता येत नाही, घटस्फोट झाला तरी.

खडूस_काका
घटस्फोटानंतरही हप्ता आपण भरायचा. यालाच सात जन्म म्हणतात.

म्हापशेकर
हें सगळें तुमच्या महाराष्ट्राक. गोव्याचं सांगतो. इथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा आहे, आता २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी तुझी अर्धी माझी. आपल्या अर्ध्यातलंही अर्धंच इच्छापत्राने मनासारखं देता येतं. उरलेलं मुलं किंवा आई-वडील यांचं राखीव. मुलाला बेदखल करतो म्हणून कोणी उठलं तर तसं चालत नाही. इच्छापत्रही साध्या कागदावर नाही, नोटरीच्या वहीत. मेल्यावर वाटणीसाठी न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटण्याची, कारवाई.

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या गोवेकरांनी ध्यानात ठेवावं: २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुतिन्हो खटल्यात ठरवलंय की गोव्याचा अधिवासी असेल तर त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा. पुण्यातल्या फ्लॅटलाही.

गवती_चहा
हे नवीनच कळलं, धन्यवाद. मुस्लिम आणि ख्रिश्चन वाचकांसाठी कोणी लिहाल का?

शेवंती
थोडक्यात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बाहेरच्यांना इच्छापत्राने १/३ पर्यंतच देता येतं. वारसालाच जास्त द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते (शिया-सुन्नी तपशील वेगळे). ख्रिश्चन आणि पारशी मंडळींसाठी दोन गोष्टी: लग्न झालं की आधीचं इच्छापत्र रद्द होतं, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवलं असेल तर तेवढी देणगी बाद. हिंदूंना या दोन्ही तरतुदी लागू नाहीत. तरी ज्याला मिळायचंय त्याला साक्षीला उभं करू नका, संशयाला निमित्त होतं.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना, समलिंगी जोडीदारांना कोणताच वारसा कायदा ओळखत नाही. त्यांच्यासाठी तर इच्छापत्र हाच एक रस्ता.

सॅन_होजे_सदाशिव
आयटीवाल्यांसाठी. कंपनीने अमेरिकी शेअर दिलेत किंवा ॲपवरून घेतलेत, आणि तुम्ही राहता भारतात. भारतात १९८५ पासून इस्टेट ड्युटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) नाही म्हणून कोणी विचार करत नाही. अमेरिकेत आहे. तिथले नागरिक किंवा रहिवासी नसलेल्यांना त्यांच्या अमेरिकी मालमत्तेवर फक्त ६०,००० डॉलर्सची सूट, वर ४० टक्क्यांपर्यंत कर. अमेरिकी कंपनीचे शेअर भारतात बसून धरले तरी ते अमेरिकी मालमत्ताच. भारताशी या कराबाबत करार नाही. नोकरीच्या आठ-दहा वर्षांत ही रेषा सहज ओलांडली जाते. वेळोवेळी विकून पैसे इकडे आणणं हा साधा उपाय.

दुसरं, परदेशात राहणाऱ्यांनी दोन देशांत दोन इच्छापत्रं केली तर तयार मसुद्यातलं पहिलं वाक्य नीट वाचा: "मी याआधीची सर्व इच्छापत्रं रद्द करतो." अमेरिकेतल्या वकिलाकडे ही सही केली की कोल्हापूरच्या जमिनीचं इच्छापत्रही गेलं. तिथे "फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं" असं लिहून घ्या.

चिंचगूळ
अवांतर: "मृत्युपत्र" म्हणायचं की "इच्छापत्र"? घरात मृत्युपत्र म्हटलं की "संध्याकाळच्या वेळी अभद्र बोलू नकोस" ऐकू येतं.

खडूस_काका
सकाळी म्हणा.

पेन्सिल_२बी
मला आता भीती वाटायला लागली आहे. करायचं कसं, किती खर्च? वकील लागतोच का?

सातबारा
साधी इस्टेट असेल तर वकील सक्तीचा नाही. साधा ए-फोर कागद, स्टॅम्प ड्युटी शून्य. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझीच सही" असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्याने तुमच्यासमोर सही करावी. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही.

चुका कुठे होतात ते सांगतो. हाताने लिहिलं की साक्षीदार नको, हा गैरसमज. मोबाइलवर व्हिडिओ केला म्हणजे झालं, हाही. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. शेवटच्याच पानावर सही करून आधीची पानं कोरी सोडू नका, प्रत्येक पानावर सही आणि "३ पैकी १" असे आकडे. खाडाखोड झाली तर तिथेही तिघांच्या सह्या, त्यापेक्षा पान नव्याने छापा.

तरुणांची वेगळी अडचण म्हणजे काळ. पुढे न्यायालयात गेलं तर निदान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं. ३२ व्या वर्षी केलं आणि साक्षीला सत्तरीचे काका घेतले, तर वेळ येईल तेव्हा काका कुठे? साक्षीदार आपल्याहून लहान घ्यावेत.

खडूस_काका
काकांना साक्षीला घेऊ नका, जेवायला बोलवा.

शेवंती
नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही साक्षीदारांसह, ओळखपत्रं घेऊन जायचं, फोटो आणि अंगठा होतो, नोंदणी फी १०० रुपये. हयातीत त्याची नक्कल फक्त तुम्हालाच मिळते. नोंदवलेलं इच्छापत्र नंतरच्या बिननोंदणीच्या इच्छापत्रानेही रद्द होतं, शेवटचं ते खरं.

मजकुरात तरुणांनी मुदत ठेवींचे नंबर लिहीत बसू नये. दोन वर्षांत ठेव मोडते, नवी होते, कागद शिळा होतो. मुख्य वाक्य असं काहीतरी ठेवा:

"माझ्या मृत्यूसमयी माझ्या नावे अथवा माझ्या हिश्श्याची जी काही स्थावर व जंगम मालमत्ता असेल, ती आज असो वा पुढे मिळवलेली असो, ती सर्व माझी पत्नी हिला मिळावी. तिचे निधन माझ्याआधी अथवा माझ्यानंतर ३० दिवसांच्या आत झाल्यास ती माझ्या मुलीला मिळावी व मुलगी २५ वर्षांची होईपर्यंत खालील विश्वस्ताने तिच्या शिक्षण व पालनासाठी सांभाळावी."

ते २५ मुद्दाम आहे. नुसतं मुलीच्या नावे ठेवलं तर १८ पूर्ण झाल्या दिवशी अख्खा टर्म विमा तिच्या हातात. पालक कोण हे वेगळ्या वाक्यात लिहा. एक पालक हयात असेल तर मूल त्याच्याकडेच राहतं, हे नाव दोघंही नसतील तेव्हासाठी. त्या माणसाला आधी विचारा. आणि पैसे सांभाळणारा व मूल सांभाळणारा शक्यतो वेगळा ठेवा.

कोपरखैरणे_लोकल
मुंबईत प्रोबेटचं, म्हणजे इच्छापत्र खरं असल्याची न्यायालयाकडून मोहर घेण्याचं, झंझट असतं ना?

सातबारा
असायचं. मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेच्या इच्छापत्राला भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे ते सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळलं. भाऊबंदकीची शक्यता असेल तर आजही स्वतःहून प्रोबेट घेता येतं.

गावच्या शेतीचं मात्र वेगळं. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर तुमचा जेवढा हिस्सा तेवढाच इच्छापत्राने देता येतो, आणि २००५ पासून बहिणींचाही हिस्सा धरून. फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली असंही नाही, ती महसुलासाठीची नोंद.

पेन्सिल_२बी
फोनमधल्या गोष्टींचं काय? फोटो, मेल, ॲपमधले पैसे?

सॅन_होजे_सदाशिव
गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं निपचित पडलं की तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवतं. ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट, त्याला चावी म्हणून दिलेला कोड आणि मृत्यूचा दाखला लागतो. दोन्ही दहा मिनिटांची कामं. पासवर्ड इच्छापत्रात लिहू नका, नोंदणी झाली की मजकूर बदलता येत नाही आणि पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलतो.

आळूवडी_स्पेशल
आणि मरणाच्या आधीच्या अवस्थेचं? कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवलं की झालं असं लोक समजतात. माणूस शुद्धीत राहिला नाही की आपल्याकडे ते लुळं पडतं, मेल्यावर तर संपतंच. उपचार थांबवण्याबद्दलचं वैद्यकीय इच्छापत्र वेगळं. २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. १८ पूर्ण असलं की कोणीही करू शकतं.

गवती_चहा
मूळ प्रश्नाकडे येते. पेन्सिल_२बी, आता काय विचार?

पेन्सिल_२बी
पटलं. शनिवारी पीएफचं ई-साइन आणि सोसायटीचा नॉमिनी फॉर्म, रविवारी इच्छापत्राचा मसुदा. दोन पानांत बसेल. सोसायटीचा फॉर्म किती प्रतींत?

शेवंती
तीन. पहिल्या नामनिर्देशनाला फी नाही. समितीच्या सभेत नोंद झाली की शिक्का मारलेली एक प्रत परत मागून घ्या, तीच पुरावा.

पेन्सिल_२बी
आणि इच्छापत्र ठेवू कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये?

सातबारा
अजिबात नको. तुम्ही गेल्यावर लॉकर उघडायला कागद लागतात, आणि कागद आत.

पेन्सिल_२बी
मग?

खडूस_काका
गॅसच्या पुस्तकाच्या फाइलीत. घरात दुसरं काही सापडत नाही, ती फाइल कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असतं.